चार वाजताची सावली

२ एप्रिल

लेकीने ही वही दिली तेव्हा बजावलं होतं, की निवृत्त माणसाने रोज काहीतरी लिहावं, डोकं ताळ्यावर राहतं. आजवर हिच्यात दोन फोन नंबर आणि पेन चालतंय का ते बघायला मारलेल्या रेघोट्या, एवढंच साहित्य जमा झालं आहे. आज मात्र लिहितो, कारण आज मला काम मिळालं. मी बागेत सावली करणार आहे.

बाग म्हणजे घरामागचा तुकडा. एक लिंबाचं झाड, तेही माझ्या कमरेएवढं, भिंतीकडेने कुंड्या, आणि मधोमध मोकळी फरशी. त्या फरशीवर आमची ही गाण्याची शिकवणी घ्यायची. पश्चिमेच्या रस्त्यावरचं मोठं झाड दुपारभर आमच्यावर सावली धरून असायचं. गेल्या वर्षी वादळात ते आडवं झालं, आणि त्याच सुमारास हिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, आवाज हळूहळू परत येईल, थोडा बदललेला असेल, पण वापरत राहा. शिकवणी तेव्हापासून बंद आहे.

आज बँकेतल्या बाई आल्या होत्या. त्या हिच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी, बाकीच्या चार-पाच जणींच्या म्होरक्या. आता पुन्हा कधी सुरू करायचं, असं त्यांनी सरळच विचारलं. ही चहा गाळत होती. गाळण्यावरची नजर न काढता म्हणाली, "सावली झाली की करू. एवढ्या उन्हात बसणार कुठे?"

म्हणजे घोडं सावलीपाशी पेंड खात होतं. वर्ष होत आलं आणि मला हे कोणी सांगितलं नाही! मी जन्मभर नाटकांचे दिवे केले. कुठल्या पात्राच्या तोंडावर किती उजेड पडावा आणि त्याच्या नाकाची सावली गालावर कुठवर यावी, हे ठरवण्यात हयात गेली. एका फरशीवर सावली पाडायची तर तो माझ्या डाव्या हाताचा मळ. हे मी हिला बोलूनही दाखवलं.

"आजवर काय थोडे दिवे लावलेत," ही म्हणाली. "आता सावली लावा."

५ एप्रिल

खर्च कमी, काम झटपट आणि दिसायला देखणं, अशी तीन तत्त्वं मी ठरवली आहेत. लेक फोनवर म्हणाली, बाबा, यातली दोनच एका वेळी मिळतात. तिला म्हटलं, नाटकात आम्ही कागदी पुठ्ठ्याचे राजवाडे उभे केलेत, तू मला शिकवू नकोस.

रोपवाटिकेवाले वापरतात ती हिरवी जाळी आणली. चार बांबू रोवले, वर जाळी ताणली, सुतळीने बांधली. संध्याकाळपर्यंत झालंसुद्धा. मी खाली खुर्ची टाकून बसलो आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

६ एप्रिल

ही आज दुपारी जाळीखाली येऊन बसली. थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने आरसा मागवला.

आरशात पाहून म्हणाली, "मला परत दवाखान्यात आणलंत की काय?"

मी नीट पाहिलं. हिचा चेहरा शेवाळासारखा हिरवा दिसत होता. माझाही तसाच असणार. सगळ्या जगाला माहीत नसलं तरी चालेल, पण मला माहीत असायला हवं होतं की वरून हिरवा उजेड आम्ही फक्त भुतावर आणि मरायला टेकलेल्या म्हाताऱ्यावर सोडतो. इतकी वर्षं रंगीत कागद दिव्यांपुढे लावले आणि आजारातून उठलेल्या स्वतःच्या बायकोवर नेमका तोच लावला.

जाळी काढली. ही मात्र फार नाराज दिसली नाही. "होईल सावकाश, काही घाई नाही," म्हणाली. मोठ्या मनाची आहे.

१० एप्रिल

मोठी छत्री आणली. कापडी, पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची, खाली वजनाला जड पाया. झोकदार दिसत होती. दुपारचा वारा सुटला तशी ती पायासकट कलंडली, मग पाया सोडून उठली आणि भिंतीपलीकडे काकांच्या कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसली.

पलीकडचे काका म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. एकटेच असतात, ऐंशीच्या घरात आहेत. इंजिनाशेजारी बसून बसून कान गेले आहेत. मुलाने कानाचं मशीन घेऊन दिलं आहे, ते शर्टाच्या खिशात असतं. कानात घातलं की बॅटरी संपते म्हणतात. बहिऱ्या माणसासारखे ते मोठ्याने बोलतात आणि समोरच्यालाही बोलायला लावतात. छत्री नीट मिटून भिंतीवरून परत दिली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमची गाडी स्टॉप सोडून पुढे आली."

हिरवी जाळी त्यांना देऊन टाकली. त्यांच्या रोपांना चालेल. रोपं हिरवी दिसली तर कोणी आरसा मागणार नाही.

आणखी एक नोंद. हिला हल्ली दोन कप विसळायला बादलीभर पाणी लागतं. नळ धो धो सोडून मोरीपाशी उभी राहते, पाठ आपल्याकडे. काही विचारलं तर दचकते. वायसर गेला असावा, नळ पूर्ण सोडल्याशिवाय पाणी येत नसेल. बघायला हवं.

१३ एप्रिल

आज नशीब उघडलं. थिएटरच्या जुन्या सामानाच्या गोदामात गेलो होतो, खांबांना उपयोगी काही मिळतं का पाहायला. गोदामवाला माझा जुना दोस्त. एका गाजलेल्या प्रयोगाच्या ऐन भरात मी अख्ख्या थिएटरचा फ्यूज उडवला होता, तेव्हापासून तो आणि बाकी सगळे मला फ्यूजदादा म्हणतात. उरलेली सगळी कारकीर्द मी नीट उजेड पाडला, त्याचं नाव मात्र कोणी काढत नाही.

कोपऱ्यात एक मोठी गुंडाळी धूळ खात पडली होती. उलगडली तर आभाळ. रंगमंचाच्या मागे लावायचा निळा पडदा, त्यावर रंगवलेले दोन-तीन ढग. जाडजूड कापड, एका कोपऱ्याला ठिगळ. हेच आभाळ मी कितीदा उजळलं असेल! पहाट, भर दुपार, संध्याकाळ, सगळं याच कापडावर केलं आहे. गोदामवाला म्हणाला, घेऊन जा, नाहीतर उंदीर खातील. भाव असा काही सांगितलाच नाही. घरी येऊन एकदा चहा पाजा म्हणाला.

हिला दाखवलं. आभाळाखाली आभाळ कशाला, असं म्हणाली खरं, पण हाताने कापड चाचपलं आणि ठिगळाची शिवण उसवली होती तिथे स्वतः टाके घालून दिले.

१५ एप्रिल

नळ दुरुस्त केला. नवा वायसर टाकला, तोंडाला जाळीची टोपीही बसवली. आता मऊ धार येते, आवाज कसलाच नाही. हिला कौतुकाने दाखवलं तर चेहरा पाडून म्हणाली, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

कृतज्ञता हा शब्द या घरातून गेला आहे.

१७ एप्रिल

मिक्सर बिघडला आहे बहुतेक. बराच वेळ फिरत होता म्हणून आत जाऊन पाहिलं, तर भांडं रिकामं. ही म्हणाली, पाती साफ करतेय. मी म्हटलं, जास्त वेळ चालवलास तर मोटर जळेल. तिने बटण बंद केलं आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, की मी मिक्सरचा नाही तर आणखी कशाचा तरी घात केला आहे.

गेले काही महिने तिचं बोलणंच कमी झालं आहे, आणि बोलते तेही खालच्या पट्टीत. शिकवणी सुरू झाली की सगळं मार्गी लागेल. त्यासाठी माझी सावली वेळेत व्हायला हवी.

१९ एप्रिल

खांब उभे राहिले. वेल्डरने लोखंडी पाइप कापून दिले, मी खड्डे घेऊन काँक्रीट ओतलं. पडद्याच्या चारी कोपऱ्यांना जाड पितळी कड्या ठोकल्या, दोऱ्या ओवल्या, दोन कोपरे उंच आणि दोन खाली घेतले. कापड असं ताणलं गेलं की बोटाने टिचकी मारली तर वाजावं. खरोखर देखणं दिसतं. गल्लीतले लोक वळून पाहतात.

जागा मात्र मी अंदाजाने नाही ठरवली. शास्त्रशुद्ध काम केलं. भर दुपारी बाराला खडू घेऊन फरशीवर उभा राहिलो, सावलीची कड आखली, ती बरोबर फरशीच्या कडेला येईपर्यंत खांब सरकवत गेलो आणि मगच काँक्रीट ओतलं. थिएटरातही दिव्यांची मांडणी आम्ही दुपारीच करायचो. तेव्हा नटमंडळी नसतात, कोणी मधे लुडबुड करत नाही.

उद्या रविवार. चार वाजता बँकेतल्या बाईंना आणि बाकीच्या सगळ्यांना बोलावलं आहे. हिला आज सांगितलं. ती एकदम खाली बसली. आनंदाने असावं.

२० एप्रिल

लिहू नये असं वाटतं, पण लिहितो. वहीला तरी दुसरं काय काम आहे?

साडेतीनलाच फरशीवर सतरंजी अंथरली, हिच्यासाठी खुर्ची ठेवली. चारला बायका आल्या. सगळ्यांनी वर बघून वा वा केलं. मग सगळ्यांनी खाली बघितलं. फरशीवर लख्ख ऊन होतं. सतरंजी तापली होती. खुर्चीच्या हाताला हात लावला तर चटका बसला. वर माझं आभाळ ऐटीत ताणलेलं, आणि त्याची सावली? ती भिंत ओलांडून काकांच्या अंगणात पसरली होती. थंडगार, चौकोनी, कडा अगदी रेखीव. काका तिच्यात वेताची खुर्ची टाकून बसले होते आणि आमच्याकडे बघून हात हलवत होते.

मग बँकेतल्या बाईंना हसू आवरेनासं झालं, त्यांच्यामागे बाकीच्यांना. आणि मग हीसुद्धा हसली. कितीतरी महिन्यांनी असं मोठ्याने हसली. खरखरीत, घोगरं हसू. मधेच तिने गळ्यावर हात ठेवला आणि गप्प झाली. बायकांना म्हणाली, "बघा ना, सावलीच नाही. आज राहू दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिचा आवाज चक्क सुटल्यासारखा होता. माझी फजिती झाकायला केवढी ही धडपड!

२१ एप्रिल

कारण शोधायला रात्र घालवायची गरज नव्हती. ते पाचवीतल्या मुलालाही माहीत असतं. सूर्य हलतो.

माझा बचाव एवढाच, की माझ्या धंद्यात दिवा हलत नाही. जिथे टांगला तिथे राहतो. दुपारी बाराला लावून ठेवलेला दिवा संध्याकाळच्या प्रयोगातही राजाच्याच तोंडावर उजेड पाडतो. जन्मभर मी ज्या उजेडाशी व्यवहार केला तो माझ्या शिडीच्या आणि पान्याच्या आज्ञेत होता. हा वरचा दिवा कोणाच्या बापाचं ऐकत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

यावर कडी म्हणजे काका भिंतीपाशी आले आणि माझे आभार मानू लागले. त्यांना वाटतंय, की झाड गेल्यापासून ते उन्हात बसतात हे पाहून मीच त्यांच्यासाठी ही सोय केली. म्हणाले, "शेजार असावा तर असा." आता या माणसाला काय सांगणार? मी मान डोलावली. फुकटचं पुण्य पदरात पडतंय तर नको कशाला म्हणू.

२५ एप्रिल

उपाय सापडला आहे. पश्चिमेच्या दोन खांबांना बाहेरच्या बाजूला लोखंडी हात जोडायचे, पडदा तिकडे सरकवायचा आणि एक बाजू खाली उतरवायची. चारची सावली बरोबर फरशीवर येईल. वेल्डर म्हणतो, हातातली कामं उरकली की करतो. त्याच्या हातात नेहमीच कामं असतात.

दरम्यान ही चार वाजता काकांकडे जाऊ लागली आहे. त्यांच्या कुंड्या बदलायच्या आहेत म्हणे, त्यांना वाकवत नाही. बरं आहे. सावली माझी, कापड माझं, घाम माझा, आणि आता बायकोही माझीच, पण सगळं भिंतीच्या पलीकडे. इकडे मी उन्हात बसून लिंबाला पाणी घालतो.

२ मे

काकांकडे किती कुंड्या आहेत, काही कळत नाही. ही रोज जाते, तासभर असते. येताना हाताला माती फारशी नसते.

बाकी घरात शांतता आहे. मिक्सर विनाकारण फिरत नाही. नळ हवा तेवढाच सोडला जातो. माझ्या टोपीचा परिणाम उशिरा का होईना दिसू लागला आहे.

५ मे

बँकेतल्या बाई पुन्हा आल्या. या वेळी बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहून बोलल्या, त्यावरूनच मी ओळखलं. पुढच्या गल्लीत कोणी नव्याने शिकवणी काढली आहे. बाकीच्या जणी या महिनाअखेरीस तिकडे नाव घालणार आहेत. मी तुमच्यासाठी थांबेन, असं म्हणाल्या, पण एकटीने थांबण्याला शिकवणी म्हणत नाहीत हे त्यांनाही कळत होतं.

ही म्हणाली, "जाऊ देत ना. मी कोणाला बांधून ठेवलंय?" दार लावल्यावर बराच वेळ कडीवर हात ठेवून उभी होती.

मी विचारलं, की तुला सुरू करायचं आहे की नाही? ती चिडली. "सावली कुठे आहे?" म्हणाली. मलाही राग आला. महिनाभर मी खड्डे खणतोय, भाजून निघतोय, लोकांच्या हसण्याचा विषय झालोय, आणि ही अजून सावलीच विचारते! पण खरं सांगायचं तर राग तिच्यावर नव्हता. ही एकदा घरात नुसतीच बसून राहिली तर काय होईल, याची मला भीती वाटते. तिने शिकवलेलं ऐकत मी विद्युत मंडळाच्या बिलापासून जेवणापर्यंत सगळं केलं आहे. ते पुन्हा ऐकू येणार नसेल तर या घराचं मी काय करू?

तडक वेल्डरकडे गेलो आणि काम होईपर्यंत त्याच्या दारातच बसून राहीन असं सांगितलं. चारच दिवसांत देतो म्हणाला.

९ मे

आज लोखंडी हात मिळाले. एकदा तोंड पोळलं होतं, म्हणून या वेळी खुणा चारच्याच उन्हात करायच्या असं ठरवलं. ही पलीकडे गेली, मी शिडी भिंतीजवळच्या खांबाला लावली आणि खडू कानावर ठेवून वर चढलो. डोकं पडद्याच्या वर, बाकी धड उन्हात.

पलीकडे रेडिओ लागला होता. बाईचा आवाज, घोगरा, खालच्या सुरातला. बहिऱ्याला रेडिओ कशाला हवा, असं मनात आलं. मग गाणं ओळीच्या मधेच अडलं आणि ती ओळ परत पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा त्याच जागी अडलं. पुन्हा सुरू झालं. रेडिओ असं करत नाही.

मी हळूच वाकून पडद्याच्या कडेखालून पाहिलं. ही उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसली होती, पाठ माझ्याकडे. काका समोर वेताच्या खुर्चीत, डोक्याला कानांवरून रुमाल गुंडाळलेला. ही गात होती.

आवाज पूर्वीचा नव्हता. पूर्वीचा वर चढायचा आणि तिथे आरामात राहायचा. हा वर जाताना फाटत होता. पण ती ज्या जागी अडत होती तिथे तिने शेवटी हट्ट सोडला, सूर खाली घेतला आणि तीच ओळ दुसऱ्या वाटेने पुरी केली. ती वाट मी तिच्याकडून कधी ऐकली नव्हती. आणि ती सुंदर होती. मला रडू आलं. शिडीवर रडण्याची सोय नसते, दोन्ही हात अडकलेले असतात.

तेवढ्यात काकांनी मला पाहिलं. रस्त्यात म्हैस आडवी आली की ड्रायव्हर मागच्यांना थांबवायला हात बाहेर काढतो, तसा पंजा त्यांनी मांडीजवळून दाखवला. थांब. मग डोक्यावरच्या रुमालाची कड बोटाने जराशी उचलली. कानात मशीन होतं.

मला खाली उतरता येईना, शिडी करकरते. ती गाऊन उठेपर्यंत तसाच उभा राहिलो. मान आणि कान भाजून निघाले. सावलीच्या कारागिराला सावली तेवढी मिळाली नाही.

आता नळ आठवतो आहे. धो धो सोडलेला नळ आणि पाठमोरी ही. रिकामा मिक्सर. ज्यांच्याआड ती गळा चालवून पाहत होती ते दोन्ही आवाज मीच बंद केले, आणि वर कृतज्ञता मागितली. आणि 'सावली झाली की'! ती झाली तर काय, याच भीतीने बिचारी महिनाभर जाळीतून छत्रीत आणि छत्रीतून आभाळात सुटका शोधत होती, आणि मी तिच्या मागे बांबू घेऊन धावत होतो. मराठीत या अवस्थेला नेमका शब्द आहे, पण स्वतःला स्वतःच्या वहीत तरी ठोंब्या म्हणू नये.

१० मे

काकांची कुजबुज शेजारच्या गल्लीपर्यंत जाते, म्हणून ते मला हाताला धरून रस्त्याच्या टोकापर्यंत घेऊन गेले. तिथे म्हणाले, "पहिल्या दिवशी तिने विचारलं, काका, ऐकू येतं का? मी म्हटलं, काय? मग ती गायला लागली. दुसऱ्या दिवसापासून मी रुमाल बांधतो."

मी विचारलं, की तिला सांगितलं का नाही.

"सांगितलं तर थांबेल," काका म्हणाले. "सारा जन्म इंजिनाशेजारी बसलो. ज्यासाठी मशीन घालावं असं पहिल्यांदाच काही कानावर पडतंय. तुम्ही पण बोलू नका. आणि तो तुमचा पडदा आहे तिथे राहू द्या."

मी वचन दिलं. घरी आल्यावर लोखंडी हात पोत्यात गुंडाळून पलंगाखाली ढकलले. हिला सांगितलं, वेल्डर गावाला गेला आहे. खोटं बोलताना माझा चेहरा नीट उजळत नाही, असं नाटकवाले म्हणायचे. पण हिने मान वर करूनही पाहिलं नाही.

१२ मे

आज सकाळी झाडताना ही म्हणाली, "वेल्डर गावाहून आला का?"

मी म्हटलं, नाही अजून.

"मग पलंगाखालचं लोखंड स्वतःहून चालत आलं वाटतं. अंगठा ठेचला माझा."

ती तडक फोनपाशी गेली. बँकेतल्या बाईंना लावला. मी शेजारीच उभा होतो. ही म्हणाली, "हो, सावली झाली. येत्या रविवारी चारला या सगळ्या. नाही, आमच्याकडे नाही, पलीकडे काकांच्या अंगणात. मी विचारलंय त्यांना." मग म्हणाली, "आणि ऐका, माझा आवाज आता खाली गेलाय. आधीच्या जागा मला लागत नाहीत. ज्यांना तिकडच्या शिकवणीला जायचंय त्यांनी खुशाल जावं." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण ही हसली. तेच घोगरं हसू, आणि या वेळी हात गळ्यावर गेला नाही.

फोन ठेवून तिने माझ्या हातात पिशवी दिली. बाजारातून काय काय आणायचं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बॅटऱ्या पण आणा. त्या बारीक, बटणासारख्या."

कसल्या, असं मी विचारलं.

"काकांच्या मशीनच्या. रोज चारला घालतात, लवकर संपत असतील."

म्हणजे तुला माहीत होतं, मी म्हटलं.

"पहिल्या दिवशी नव्हतं," ती म्हणाली. "दोन-तीन दिवसांनी मी एके जागी अडले, तर त्यांनी डोळे मिटले. पुन्हा अडले, पुन्हा मिटले. बहिरा माणूस बरोबर तिथेच डोळे कसा मिटेल?"

"मग तू थांबली का नाहीस?"

"थांबणार होते. पण ते उठून गेले नाहीत." मग तिने माझी कॉलर मागे ओढून पाहिली. "आणि मानेला काहीतरी लावा. शिडीवर एवढा वेळ उभं राहायचं तर टोपी घालावी माणसाने."

थिएटरात विंगेत कोण उभा आहे, कोण रडतंय, कोणाला आपलं वाक्य आठवत नाहीये, हे मला वरून सगळं दिसायचं. या घरात आणि शेजारी सगळे एकमेकांना व्यवस्थित पाहत होते, दिसत नव्हतं ते फक्त उजेडवाल्याला. दुपारी बाराचा हिशोब चारला चुकवला, एवढंच एक काम मी या उन्हाळ्यात धड केलं.

बॅटऱ्या आणल्या. एक पाकीट पुरलं असतं, पण दोन आणली. एक काकांकडे दिलं आणि दुसरं इथे कपाटात ठेवलं आहे, संपल्या तर शिकवणीच्या मधे धावाधाव नको.